हक्कसोडपत्रावर सही करण्यापूर्वी

चि. लेकीस, अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. वडिलांच्या पश्चात सातबाऱ्यावर आईचे, भावाचे आणि तुझे अशी तीन नावे चढली, आता भाऊ हक्कसोडपत्रावर सही मागतो आहे, सही केली तर मनाला पटत नाही आणि नाही केली तर माहेर तुटेल अशी धास्ती वाटते, असे तू लिहिले आहेस. तलाठ्याच्या नोकरीत माझे आयुष्य गेले म्हणून तू मला विचारलेस. पण या प्रश्नाचे अर्धेच उत्तर दप्तरात सापडेल.

तालुक्याच्या दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेर अशा बहिणी मी पुष्कळ पाहिल्या. भाऊ गाडी करून त्यांना घेऊन येत, नवे लुगडे अंगावर असे, आणि मजकूर वाचून दाखवण्याआधीच अंगठा पुढे होई. एका म्हाताऱ्या बाईला मी मुद्दाम विचारले, तेव्हा ती म्हणाली, "वावर गेलं तं जाऊ द्या, माहेर राह्यलं पाह्यजे." लोक याला भोळेपणा म्हणतात, मला तो रोखठोक व्यवहार वाटत आला आहे. बहिणीने वावर सोडायचे आणि त्याच्या बदल्यात भावाने जन्मभर माहेर चालवायचे: पहिले बाळंतपण, दिवाळीला घेऊन येणे, धोंड्याच्या महिन्यात जावयाचा मान, भाच्यांच्या लग्नात मामाचा आहेर, आणि सासरी बिनसलेच तर परत येऊन टेकायला एक खोली. कागदावर यातले काहीही नसे, तरी दोन्ही बाजूंना ते पाठ असे.

तो व्यवहार आता दोन्ही टोकांनी सैल झाला आहे. 1970-71च्या कृषिगणनेत महाराष्ट्रातील सरासरी धारणक्षेत्र 4.28 हेक्टर होते, ते 2015-16 मध्ये 1.34 हेक्टरवर आले. तुझा भाऊ त्याहून लहान तुकड्यात कपाशी आणि तूर पेरून, बाजारभावाची आणि पावसाची वाट पाहत स्वतःचे घर चालवतो हेच पुष्कळ आहे. त्यातून आजोबांच्या काळासारखे माहेर चालवणे त्याला झेपणारे नाही. दुसरीकडे कायदा बदलला. वडिलांच्या स्वतःच्या मिळकतीत मुलीला मुलाइतका वारसा 1956च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानेच दिला होता. वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क महाराष्ट्राने 1994 मध्ये, पण त्यापूर्वी लग्न झालेल्या मुलींना वगळून, आणि पुढे संसदेने 2005 मध्ये तसे न वगळता सर्व मुलींना दिला. वडील 2005 मध्ये हयात होते की नव्हते यावर हा हक्क अवलंबून नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 रोजी स्पष्ट केले. तेव्हा तुझे नाव सातबाऱ्यावर आहे ते कोणाच्या मेहेरबानीने नाही.

आता तुझा दुसरा प्रश्न, नाती दूर का जात आहेत. पुण्यात राहून फोन कमी होतात, कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप गटावर सुप्रभात आणि भावपूर्ण श्रद्धांजली यांपलीकडे काही नसते, अशी तुझी खंत आहे. मला त्याचे कारण फोनमध्ये दिसत नाही. आपल्या भागात सोयरे आणि भाऊबंद एकमेकांच्या कामाला लागत, आणि त्या कामातून लोभ धरत असे. पेरणीला एकाचे बैल दुसऱ्याच्या वावरात जात, अडचणीला मामाकडून उसने येत, लग्नात भावकीतली पोरे पंगतीत आलू-वांग्याची भाजी आणि बुंदी घेऊन पळत आणि रुसलेल्या पाहुण्याला समजावण्याचे काम ठरलेल्या एका काकाजीकडे असे. आज सोयाबीन थ्रेशरवाला काढून देतो, पैसा बँक नाहीतर बचत गट देतो, लग्न लॉनवर होते आणि वाढायला केटररची माणसे असतात. भाऊबंद तिथे जेवायला येतात आणि पाकीट देऊन जातात. तिरडी बांधणे तेवढे अजून भाड्याने दिले जात नाही, म्हणूनच मयतीला आणि तेरवीला भावकी पूर्वीसारखी भेटते.

हे सगळे वाईट झाले असे मी म्हणणार नाही. एकत्र कुटुंबाचे गोडवे गाणाऱ्यांत सुना फारशा आढळत नाहीत, आणि सावकारासारखे वागणारे मामाही मी पाहिले आहेत. पण ज्या नात्याकडे कसलेच काम उरले नाही ते नुसत्या आठवणींवर फार काळ टिकत नाही. म्हणून तुला माहेर हवे असेल तर माहेरचे एखादे काम अंगावर घे.

तुमच्या महालक्ष्म्या मोठ्या बाबांच्या घरी बसतात. मुखवटे त्यांच्याकडे, डाळ-तेल एका भावाकडून, भाजीपाला दुसऱ्याकडून, अशी वाटणी मी तुझ्या आजोबांच्या वेळेपासून पाहतो आहे. आता मोठ्या आईचे गुडघे दुखतात, सोळा भाज्या निवडायला माणूस नाही, ज्वारीच्या आंबिलीचे पातेले घोटताना तिला मधेच खाली बसावे लागते, आणि तुम्ही चुलत भावंडे पूजनाच्या दुपारी गाडीने येऊन, जेवून, फोटो काढून संध्याकाळी निघता. यंदा आवाहनाच्या आदल्या दिवशी ये. अंबाडी निवडायला बस, आंबील घोट, आणि वहिनीच्या शेजारी बसून तिच्याशी बोल. माहेर प्रत्यक्षात चालवते ती वहिनी, आणि हक्कसोडीच्या सौद्यात तिला कोणीच काही विचारलेले नसते.

सहीबद्दल माझे मत स्पष्ट आहे: आज करू नकोस. हक्कसोडपत्र नोंदले गेले की ते एकट्याच्या मर्जीने मागे घेता येत नाही. भावाच्या मनात काळे आहे असे मात्र मानू नकोस. सामाईक सातबारा असला की पीककर्जाला बँक सहहिस्सेदारांची संमती मागते, दर हंगामात पुण्याहून तुझी सही आणणे त्याला जड जाते, आणि गावातला कोणीतरी शहाणा त्याला सांगतो की बहिणीचे नावच कमी कर. त्याची अडचण खरी आहे. ती संमतीपत्राने सुटते, आणि ते तू वेळेवर पाठवत जा. पुढे वेगळे व्हायचेच ठरले तर जमीन महसूल संहितेच्या कलम 85 प्रमाणे तहसीलदारांकडे सहमतीने वाटणी करता येते.

आईचे नाव मात्र कोणाच्याही सांगण्यावरून कमी होऊ देऊ नकोस, तिने स्वतः म्हटले तरी. ज्येष्ठ नागरिकांसाठी 2007चा कायदा आहे, उपविभागीय अधिकाऱ्यांसमोर निर्वाहाचा अर्ज करता येतो. परंतु पोटच्या मुलाविरुद्ध तिथे उभी राहिलेली आई अर्ज जिंकूनही त्याच घरी परतते. वावरात नाव असलेल्या आईला घरात विचारून चहा मिळतो, हे कडू असले तरी मी पाहिलेले आहे.

भावाशी फोनवर बोलू नकोस. घरी जा, आई आणि वहिनी समोर असू देत, आणि एका साध्या कागदावर लिहून काढा: वावर कोण वाहील, आईच्या औषधांचा खर्च कोणी किती करायचा, उद्या जमीन विकली किंवा रस्त्यात गेली तर मोबदला कसा वाटायचा. समृद्धी महामार्गाच्या पट्ट्यात मोबदल्याचे पैसे आल्यावर बोलायला बसलेली भावंडे मला ठाऊक आहेत; त्यांच्यासाठी तेव्हा उशीर झाला होता. पीक भावाने घ्यावे, कष्ट त्याचे आहेत. तुझा पगार चालू आहे तोवर तू उत्पन्नात वाटा मागू नयेस असे मला वाटते, पण ते तुझे तू ठरव आणि जे ठरेल ते त्याला तोंडावर सांग.

बँकेकडून संमतीपत्राचा नमुना आला की सही करण्यापूर्वी त्याची प्रत मला पाठव. हक्क सोडत असल्याचे एखादे वाक्य त्यात मधेच घातलेले नाही ना, एवढे मी वाचून कळवीन. आईला नमस्कार सांग.

तुझा,
काकाजी