सोसायटीच्या डांबरी रस्त्याला दर उन्हाळ्यात भेग पडते, सीलकोट मारावा का?

सीलकोट म्हणजे डांबरावर मारायचा पातळ संरक्षक थर, त्याने ही भेग जाणार नाही. तुम्ही लिहिलंय की सोसायटी खाडीच्या मातीवर भराव टाकून उभी आहे, डांबरीकरण तीन वर्षांपूर्वी झालं, भिंतीच्या कडेने लांब भेग उन्हाळ्यात उघडते आणि पावसाळ्यात मिटते, आणि कमिटीतले काही जण आता कडेचा गुलमोहर काढायचं म्हणताहेत. हे गुलमोहराचं वाचलं नसतं तर मी लिहायला बसलोच नसतो.

मी ३१ वर्षं रस्त्यांच्या ठेकेदाराच्या हॉटमिक्स प्लँटवर, म्हणजे गरम डांबर आणि खडी मिसळतात तिथे, लॅबमध्ये काम केलं. आम्ही राहतो कांजूरमार्ग पूर्वेला. १९९० मध्ये ताबा मिळाला तेव्हा पलीकडे नुसती दलदल होती. त्याच पावसाळ्यात आईने कुंपणाच्या भिंतीलगत करंजाचं रोप लावलं. माझा थोरला भाऊ त्याच बिल्डिंगमध्ये दोन मजले वर राहतो आणि पुढे बरीच वर्षं तो सोसायटीचा खजिनदार होता.

२००९ च्या मे महिन्यात गेटपासून पार्किंगपर्यंतचा रस्ता डांबरी करायचं ठरलं. लांबी १५० फूट, रुंदी १२ फूट. मी म्हटलं, दीड फूट खोदा, गाळ काढा, मुरूम भरा, मग खडी आणि मग डांबर. हिशोब कागदावर मांडून दिला: २७०० घनफूट, म्हणजे २७ ब्रास भरणी. दादा म्हणाला, "अरे, आपण काय हायवे बांधतोय? चार गाड्या नि दुधाचा टेम्पो!" ठेकेदाराने नऊ इंच सोलिंग, म्हणजे खाली दगडांचा थर, आणि दोन इंच डांबर असं कोटेशन दिलं, तेच मंजूर झालं. इथवर मी गप्प बसलो असतो. पण भिंतीच्या कडेला जुनं उघडं गटार होतं, ते कमिटीने बुजवलं, का तर तिथे टू-व्हीलर लागतील. छताचे डाऊनटेक पाईप बिल्डिंगच्या बाजूला रस्त्यावरच मोकळे सुटत होते आणि रस्त्याचा उतार भिंतीकडे. मी विचारलं, "दादा, पाणी जाईल कुठे?" तो म्हणाला, "उतार दिलाय ना." उतार खरंच चोख होता, मी स्वतः पाणसळ लावून बघितला होता, बारा फुटांत साडेतीन इंच. सगळं पाणी बरोबर भिंतीपाशी यायचं आणि तिथेच थांबायचं.

डांबराच्या दिवशी डंपर ट्रॅफिकमध्ये अडकला आणि दुपारी आला. मी मालात थर्मामीटर खुपसला, ११८ अंश. व्हीजी-३० या रस्त्याच्या नेहमीच्या ग्रेडच्या डांबराचा माल पसरताना १४० च्या खाली असता कामा नये. परत पाठवा म्हटलं, कोणी ऐकलं नाही. तुमच्याकडेही कोणी म्हणेल की माल थंड होता म्हणून भेग पडली, म्हणून सांगतो. थंड माल नीट दाबला जात नाही, त्याची खडी सुटते, पृष्ठभाग खरबरीत होतो. आमचाही झाला. पण कडेपासून दीड फूट आत, कडेला समांतर, सरळ लांब भेग पडते ती खालची चिकणमाती भिजली की फुगते, वाळली की आकसते आणि कड हलते म्हणून. तिचा मालाच्या तापमानाशी संबंध नसतो.

आमची भेग दुसऱ्या उन्हाळ्यात दिसली. ९० फूट लांब, आणि करंज तिच्या एका टोकाला. दादाने पहिल्याच मीटिंगमध्ये सांगून टाकलं, "मुळं." मी भेगेच्या दोन्ही बाजूंना पितळी खिळे ठोकले, तीन ठिकाणी, आणि लॅबमधलं जुनं व्हर्नियर, म्हणजे बारीक मापं घ्यायची पट्टी, आणून मधलं अंतर मोजायला लागलो. दरवर्षी मे अखेर एकदा, सप्टेंबर अखेर एकदा. २०११ मध्ये दोन मापांत सात मिलिमीटरचा फरक आला. म्हणजे रस्ता सात मिलिमीटर उघडत होता आणि पुन्हा मिटत होता. त्यात कमिटीने सिमेंटची स्लरी ओतली, ती एका पावसाळ्यात पापडासारखी सुटून आली. हलणाऱ्या भेगेत सिमेंट भरू नये, एवढं तरी त्यातून शिकायला हवं होतं.

फेब्रुवारी २०१२ मध्ये रीतसर परवानगी काढून करंज तोडला. बावीस वर्षांचं झाड. आई त्या दिवशी गॅलरीत आली नाही, दुपारचा चहाही तिने आत खोलीतच घेतला.

आता आकडे बघा. झाड असताना फरक सात. झाड तोडल्यावर २०१२ ला सात, २०१३ ला आठ, २०१४ ला सात. शिवाय २०१३ च्या पावसात वीसेक फूट कड दोन इंच खचली, जी झाड असताना कधी खचली नव्हती. दादाचं म्हणणं, "मुळं कुजली, पोकळी झाली." २०१५ मध्ये पाण्याची नवी लाईन टाकायला भिंतीच्या कडेने चर खणला तेव्हा मी सकाळी सातला चरात उतरलो. वर दोन इंच डांबर. त्याखाली नऊ इंच सोलिंगच्या जागी जेमतेम चार इंच रबिश, विटांचे तुकडे, फरशीचे कपचे. त्याच्या लगेच खाली करडा, ओला, चिकट गाळ, त्यात शिंपल्यांचे तुकडे. मुळं सापडली ती बुंध्यापासून सहा फुटांपर्यंत, बोटाएवढी जाड, तीही वरच्या भरावात. खचलेल्या जागी, बुंध्यापासून चाळीस फूट दूर, एकसुद्धा मूळ नाही. मी गाळाचा गोळा घेतला आणि दादासमोर तळहातावर वळला. अशी माती वळता वळता तीन मिलिमीटरची झाली की तुटायला लागली पाहिजे. ही उदबत्तीपेक्षा बारीक झाली तरी तुटेना, इतकं पाणी तिच्यात मुरलेलं होतं. एप्रिल महिन्यात! दादाने हात झटकले आणि वर निघून गेला.

२०१६ ला नव्या कमिटीने माझं ऐकलं. गटार पुन्हा उघडलं आणि वर जाळी टाकली, त्यामुळे टू-व्हीलर आजही तिथेच लागतात. डाऊनटेकचं पाणी रस्त्याखालून पाईपने चेंबरला नेलं. कडेची तीन फूट रुंद पट्टी खोदून मुरूम भरला, सहा-सहा इंचांचे थर, प्रत्येक थर पाणी मारून बेबी रोलरने दाबलेला. पैसे सत्तर फुटांपुरतेच होते. बुंध्याजवळची वीस फूट पट्टी तशीच राहिली, नुसतं गटार तेवढं उघडलं. त्या न खोदलेल्या पट्टीतल्या खिळ्यांमधला फरक त्यानंतर एक मिलिमीटरवर आला आहे. माती तीच, डांबर तेच, झाड तर चार वर्षांपूर्वीच गेलेलं. बदललं ते फक्त पाणी.

तेव्हा तुम्ही सीलकोटच्या कोटेशनआधी पहिल्या जोरदार पावसात छत्री घेऊन खाली उभे राहा. प्रत्येक डाऊनटेकचं पाणी कुठे जातं आणि पाऊस थांबल्यावर अर्ध्या तासाने कुठे साचून राहतं ते खडूने आखून ठेवा. ती रेघ आणि भेग जवळजवळ आल्या तर आधी गटार करा. भेग भरायची ती दिवाळीनंतर, फेब्रुवारीच्या आत, जमीन ना फुगलेली ना पुरती आकसलेली असताना. आतली माती कॉम्प्रेसरने उडवून, कोरडी करून, रबर मिसळलेलं गरम डांबर ओतायचं. सीलकोट त्यानंतर, आणि तोही तीन ते पाच वर्षांतून एकदा पुरे. ऊन डांबर कोरडं आणि ठिसूळ करतं, त्यापासून पृष्ठभाग वाचवायचा एवढंच त्याचं काम. परदेशी व्हिडिओ बघून दरवर्षी मारू नका, थर साचून गुळगुळीत होतो आणि पावसात स्कूटर घसरते. तो कोलटारचा, म्हणजे दगडी कोळशापासून काढलेल्या डांबराचा, आहे का तेही विचारा. अमेरिकेत ऑस्टिन शहराने कोलटारच्या सीलकोटवर २००६ मध्येच बंदी घातली, कारण त्यातली घातक द्रव्यं झिजून ओढ्यात जात होती. आपल्याकडची मुलं तर आवारातच खेळतात.

पेव्हर ब्लॉक लावावेत का, असंही तुम्ही विचारलंय. खालची माती तशीच ठेवली तर ब्लॉकही खचतील, फक्त पुन्हा उचलून बसवता येतील. त्यावर मी जास्त लिहीत नाही.

दोन गोष्टी प्रामाणिकपणे सांगायला हव्यात. झाडाचा वाटा शून्य नसतो. चिकणमातीतलं पाणी झाड उन्हाळ्यात ओढतं आणि माती आणखी आकसते. तुमच्याकडे बुंध्यापासून निघालेला, हाताला लागेल असा उंचवटा डांबरात असेल तर ते मूळच आहे, गुलमोहराची मुळं वरच्यावर पसरतात. तरीही तिथे रस्ता थोडा वळवा किंवा तेवढ्या भागात ब्लॉक लावा. चिकणमातीतलं मोठं झाड एकाएकी काढलं की तेवढं पाणी जमिनीतच राहतं, आणि मग कड खचते किंवा फुगते. शिवाय १९७५ च्या झाडांच्या कायद्याप्रमाणे परवानगीशिवाय त्याला हात लावता येत नाही. दुसरं, माझा दीड फूट खोदाईचा आकडा आमच्या भरावापुरता आहे. सोलापूरकडच्या काळ्या मातीत गावच्या घरासमोर असं काही करणार असाल तर तो पुरणार नाही. तिथे दोन-तीन फूट मुरूम किंवा चुना मिसळून माती बांधणं लागतं, आणि हे कोणाकडून तरी माती तपासून घेऊनच करा.

मुंबईच्या उन्हात डांबर तापून ५५-६० अंशांवर जातं आणि व्हीजी-३० डांबर ४७ च्या पुढे कधीही मऊ पडायला लागतं, म्हणून बाईकच्या स्टँडखाली पत्र्याचा तुकडा ठेवायला सांगा. डिझेल गळणारी गाडी असेल तर तीही हलवा, डिझेल डांबर विरघळवतं.

माझ्या पुतणीने दादाला मोबाईलवर हे उत्तर वाचून दाखवायचं कबूल केलंय. दादा, गटारापासून दीड फुटावर, बुंधा होता तिथून चौथ्या फरशीसमोर पितळेचे दोन खिळे अजून आहेत. मे अखेरीस मी माप घेणार आहे. या वेळी व्हर्नियर तू धर, आकडा मी लिहितो.