भयपटाची सुरुवात : आधी आवाज, मग कॅमेरा

प्रश्न : महाविद्यालयीन प्रकल्पासाठी आम्ही भयपटाची दोन मिनिटांची सुरुवात मोबाइलवर चित्रित करणार आहोत. पैसे जेमतेम आहेत. ते कशावर खर्च करावेत?

उत्तर : ध्वनीवर, कारण थोडे धूसर दृश्य प्रेक्षक चालवून घेतो, पण घुमणारा, अस्पष्ट संवाद त्याला कथेबाहेर काढतो. चित्रीकरण संपताच सगळ्यांना गप्प बसवून त्या खोलीची नुसती शांतता अर्धा मिनिट ध्वनिमुद्रित करा; संकलनात तिच्यावर कडी सरकल्याचा एकच आवाज ठेवला, तरी अंगावर काटा येतो. भूत मात्र सुरुवातीलाच दाखवू नका, ही कळकळीची विनंती. प्रकाशासाठी बाजूने लावलेला एक टेबललॅम्प पुरेसा आहे. मोबाइलचे एक्स्पोजर, म्हणजे कॅमेरा किती प्रकाश टिपतो ते, लॉक करा, नाहीतर मोबाइल काळोख आपोआप उजळवतो. आपल्याकडे वीज 50 हर्ट्झची असल्याने शटर, म्हणजे प्रत्येक चौकट प्रकाश टिपते तो वेळ, 1/50 सेकंद ठेवल्यास दिव्यांची लुकलुक टळते.