रशियन सेनानींचे इशारे आणि क्रेमलिनचे कान

रशियावर काही लिहिले की पत्रे दोन टोकांची येतात. एका टोकाला पुतिन म्हणजे दहा चाली पुढचे पाहणारा बुद्धिबळपटू, दुसऱ्या टोकाला निव्वळ माथेफिरू. रशियन लष्कराचा स्वतःचा विचार आणि त्यात शंभर वर्षे चाललेले वाद दोन्ही टोकांना दिसत नाहीत. म्हणून या वेळी त्या वादांपर्यंत नेणारे प्रश्न निवडले आहेत.

प्रश्न : २०२२ मध्ये सगळे म्हणत होते, कीव्ह तीन दिवसांत पडेल. एवढी मोठी फौज असून रशियाला ते का जमले नाही?
— एक माजी सैनिक, सातारा

तुम्ही फौजेत होतात, म्हणून आकड्यांपासूनच सुरुवात करते. युक्रेनचे क्षेत्रफळ सुमारे सहा लाख चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या जवळजवळ दुप्पट. एवढ्या मुलखात रशियाने उत्तर, ईशान्य, पूर्व आणि दक्षिण अशा चार दिशांनी मिळून दोन लाखांच्या आतबाहेर माणसे घातली. १९६८ मध्ये याच्या जेमतेम पाचव्या हिश्शाएवढ्या चेकोस्लोव्हाकियात, आणि तेही लढाई होणार नाही असे गृहीत धरून, वॉर्सा कराराच्या, म्हणजे सोव्हिएत गटाच्या लष्करी युतीतल्या, देशांनी दोन लाखांहून अधिक सैन्य नेले होते.

म्हणजे २०२२ ची योजना युद्धाची नव्हती, सत्तापालटाची होती. प्रागमध्ये सोव्हिएत छत्रीधारी सैनिकांनी आधी विमानतळ ताब्यात घेतला आणि मग विमानांतून बाकीची कुमक उतरवली. डिसेंबर १९७९ मध्ये काबूलच्या विमानतळावर अशीच विमानांची रांग लागली आणि दोनच दिवसांत अध्यक्ष हफीझुल्ला अमीन राजवाड्यात मारले गेले. २४ फेब्रुवारी २०२२ च्या सकाळी हेलिकॉप्टरांतून आलेल्या तुकड्यांनी कीव्हच्या वेशीवरचा होस्टोमेल विमानतळ धरला तो हाच नमुना डोळ्यांपुढे ठेवून. पण युक्रेनी तोफा धावपट्टीवर बरसल्या, प्रतिहल्ला झाला आणि मागून यायची मालवाहू विमाने उतरूच शकली नाहीत.

दुसरे कारण तुम्हाला लगेच पटेल. रशियाच्या बटालियन गटांत, म्हणजे स्वतंत्रपणे लढणाऱ्या मिश्र तुकड्यांत, रणगाडे आणि तोफा भरपूर होत्या, पायदळ मात्र तोकडे. तुकड्या शांतताकाळातल्या संख्याबळावरच निघाल्या. सक्तीच्या भरतीतले जवान अधिकृतपणे पाठवायचे नव्हते. त्यामुळे अनेक चिलखती गाड्यांत चालक, तोफची आणि कमांडर होते, पण खाली उतरून झाडी आणि घरे तपासायला माणसे नव्हती. अशा गाडीची गत अरुंद रस्त्यावर काय होते, हे तुम्हाला मी सांगायला नको.

यातले बरेचसे रशियातच एका माणसाने आधी छापून ठेवले होते. मिखाईल खोदार्योनोक हे निवृत्त कर्नल, जनरल स्टाफच्या, म्हणजे सैन्याच्या सर्वोच्च नियोजन कार्यालयाच्या, मुख्य कारवाई विभागात काम केलेले. ३ फेब्रुवारी २०२२ ला, हल्ल्याच्या तीन आठवडे आधी, मॉस्कोच्या एका लष्करी साप्ताहिकात त्यांचा लेख आला. युक्रेनमध्ये कोणी आपले फुलांनी स्वागत करणार नाही, एका जबर माऱ्याने देश कोसळत नाही, आजचे युक्रेनी सैन्य २०१४ चे राहिलेले नाही आणि पाश्चात्त्य शस्त्रे येत राहतील, असे त्यांनी मुद्देसूद मांडले. झटपट विजय विसरा, हा त्याचा सारांश. त्याच सुमारास निवृत्त जनरल लिओनिद इवाशोव्ह यांनीही युद्धाला उघड विरोध केला होता. दोघेही पाश्चात्त्यधार्जिणे नव्हेत, कट्टर राष्ट्रवादी वळणाची माणसे. त्यांचे कोणी ऐकले नाही, कारण योजना मोजक्या लोकांनी गुप्तपणे आखली होती आणि वरच्यांना काय ऐकायचे आहे हे खालच्यांना ठाऊक होते.

प्रश्न : मी यूपीएससीची तयारी करतो. नोट्समध्ये ‘गेरासिमोव्ह डॉक्ट्रिन’ आणि ‘हायब्रिड युद्ध’ वारंवार येते. हा रशियाचा अधिकृत सिद्धांत आहे का?
— एक विद्यार्थी, सदाशिव पेठ, पुणे

नाही, आणि उत्तरपत्रिकेत तसे लिहू नका. हायब्रिड युद्ध म्हणजे सैन्याच्या जोडीला प्रचार, पैसा, राजकारण अशी साधने मिसळून लढणे. जनरल स्टाफचे प्रमुख व्हॅलेरी गेरासिमोव्ह यांचा एक लेख फेब्रुवारी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात आजच्या संघर्षांत लष्करी साधनांच्या तुलनेत राजकीय, आर्थिक, माहितीविषयक साधने चारास एक या प्रमाणात वापरली जातात, असे म्हटले आहे. पण हे ते कशाबद्दल बोलत होते? अरब देशांतली बंडे आणि लिबिया यांबद्दल. पश्चिमेची लढण्याची रीत त्यांना अशी दिसत होती आणि रशियन शास्त्रज्ञांनी तिचा अभ्यास करावा, हा त्यांचा आग्रह होता.

वर्षभरातच क्रिमियात बिनओळखीच्या हिरव्या गणवेशातले रशियन सैनिक दिसले आणि सगळ्यांना तो लेख रशियाची गुप्त योजना वाटू लागला. ब्रिटिश अभ्यासक मार्क गॅलिओटी यांनी आपल्या टिपणाला ‘गेरासिमोव्ह डॉक्ट्रिन’ हे आकर्षक शीर्षक दिले, आणि २०१८ मध्ये त्याबद्दल जाहीर माफीही मागितली. तोवर ते नाव जगभरच्या नोट्समध्ये जाऊन बसले होते.

परीक्षेसाठी अधिक उपयोगाचे म्हणजे ‘प्रतिक्षेपी नियंत्रण’. व्लादिमीर लेफेब्र यांनी १९६० च्या दशकात मांडलेल्या या कल्पनेत शत्रूला अशी माहिती पुरवायची असते की, आपल्याला हवा तो निर्णय तो स्वतःहून घेईल. रशियन लष्करी अकादम्यांत यावर खरोखर काम झाले आहे.

प्रश्न : एकेका गावासाठी महिनोन्‌महिने लढायचे, माणसे खर्ची घालायची. रशियाची युद्धपद्धती पूर्वीपासून हीच आहे का?
— एक इतिहास शिक्षिका, अमरावती

बाई, या प्रश्नाला लांब उत्तर द्यावेसे वाटते, कारण इथे एका फार मोठ्या विचारवंताची गोष्ट येते.

अलेक्सांद्र स्वेचिन हे झारच्या सैन्यातले जनरल, क्रांतीनंतर लाल सैन्यात शिकवणारे. १९२६ मध्ये त्यांनी युद्धनीतीवरचा ग्रंथ प्रसिद्ध केला. युद्धे दोन प्रकारांनी लढता येतात, एका तडाख्यात चुरडण्याची आणि हळूहळू झिजवण्याची, ही मांडणी जर्मन इतिहासकार हान्स डेलब्र्युक यांची. स्वेचिननी ती रशियाच्या परिस्थितीला लावून पाहिली. पुढचे युद्ध लांबेल, तेव्हा अर्थव्यवस्था, शेती आणि राजकारण यांची तयारी आधी करा, सुरुवातीला प्रसंगी माघार घ्यावी लागेल ती मनात धरून ठेवा, असे ते सांगत होते.

हे लाल सैन्यातले दुसरे मोठे सेनानी मिखाईल तुखाचेव्स्की यांना मुळीच मान्य नव्हते. रणगाडे, विमाने आणि छत्रीधारी सैनिक यांच्या बळावर शत्रूच्या संपूर्ण खोलीवर एकाच वेळी घाव घालायचा, अशा आक्रमक युद्धाचे ते पुरस्कर्ते होते. १९३१ मध्ये त्यांनी स्वेचिनवर वैचारिक गद्दारीचे आरोप करणारी मोहीमच उघडली. मतभेद असणे योग्यच होते, पण ते पोलिसी कारवाईच्या वाटेने गेले. जून १९३७ मध्ये स्टालिनच्या राजवटीने तुखाचेव्स्कींना गोळ्या घातल्या, जुलै १९३८ मध्ये स्वेचिनना. चार वर्षांत हिटलरचे रणगाडे मॉस्कोच्या दिशेने निघाले तेव्हा दोन्ही बाजूंची उत्तम डोकी थडग्यात होती.

म्हणून ‘रशियन म्हणजे माणसांच्या लाटा’ हे मला मान्य नाही. १९४४ चे बेलारूसमधले ‘बाग्रातिओन’ अभियान पाहा. हल्ला दक्षिणेत होणार असे जर्मनांना पद्धतशीरपणे भासवले गेले आणि त्यांचे बहुतेक रणगाडे तिकडेच अडकले. मे महिन्यातल्या बैठकीत या अभियानातले एक सेनानी कॉन्स्टंटिन रोकोसोव्स्की यांनी दोन तुल्यबळ ठिकाणी हल्ल्याचा आग्रह धरला. नियम एकाच मुख्य घावाचा. स्टालिनने त्यांना बाहेर जाऊन पुन्हा विचार करायला सांगितले, तरी ते आपल्या मतावर ठाम राहिले आणि शेवटी योजना मंजूर झाली, असे त्यांनी आठवणींत लिहून ठेवले आहे. हाच माणूस काही वर्षांपूर्वी स्टालिनच्या तुरुंगात होता, हे लक्षात घ्या. त्यांच्या सैनिकांनी दलदलीत ओंडक्यांचे रस्ते अंथरून, जर्मनांना अशक्य वाटणाऱ्या दिशेने रणगाडे काढले. २३ जूनला मुख्य हल्ला सुरू झाला आणि ३ जुलैला मिन्स्क मुक्त झाले. सेनानीचे ऐकले गेले तेव्हा काय घडते त्याचे हे उदाहरण.

मग आजचे काय? आजचा संथपणा आधी ठरवून आलेला नाही. कीव्हचा डाव फसला, सप्टेंबर २०२२ मध्ये खारकिव्हची आघाडी कोसळली, तेव्हा तीन लाख राखीव माणसे बोलवावी लागली आणि झिजवण्याचे युद्ध गळ्यात पडले. त्यानंतर मात्र त्याची घडी बसवली गेली. २०२५ च्या अर्थसंकल्पात संरक्षणाला १३.५ लाख कोटी रूबल, म्हणजे राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्क्यांहून अधिक. मे २०२४ मध्ये संरक्षणमंत्रिपदी आंद्रेई बेलोउसोव्ह हे अर्थतज्ज्ञ आले. जुन्या बिनमार्गदर्शित बॉम्बना पंख आणि दिशादर्शक जोडून ते लांबून टाकले जाऊ लागले. तरीही पूर्व युक्रेनमधले बाखमुतसारखे लहान शहर घेण्यासाठी तुरुंगातून आणलेल्या कैद्यांच्या तुकड्यांमागून तुकड्या पुढे ढकलणे हे स्वेचिनच्या शिकवणीत बसत नाही. झीज शत्रूची व्हावी आणि आपली शक्ती निर्णायक क्षणासाठी राखली जावी, यावर त्यांचा भर होता.

प्रश्न : नाटो रशियाच्या दारापर्यंत आले म्हणून युद्ध झाले, हे खरे की निमित्त?
— एक वाचक, डोंबिवली

भीती खरी आहे. पोलंडपासून मॉस्कोपर्यंत सपाट मैदान आहे, वाटेत डोंगर नाही. नेपोलियन १८१२ मध्ये आणि जर्मन सैन्य १९४१ मध्ये याच मैदानातून आले. एप्रिल २००८ मध्ये बुखारेस्टच्या बैठकीत नाटोने युक्रेन आणि जॉर्जिया ‘सदस्य होतील’ असे जाहीर केले, पण केव्हा आणि कसे ते सांगितले नाही. माझ्या मते तो सर्वांत वाईट पर्याय होता. मॉस्को चिडले आणि त्या दोन देशांना संरक्षण काहीच मिळाले नाही. चार महिन्यांत जॉर्जियाचे रशियाशी युद्ध झाले.

पण आता फिनलंड पाहा. एप्रिल २०२३ मध्ये तो नाटोत गेला आणि रशियाला १,३४० किलोमीटरची नवी नाटो-सीमा लागली. सेंट पीटर्सबर्ग तिथून हाकेच्या अंतरावर. नाटोचे सैन्य चाल करून येईल असे क्रेमलिनला मनापासून वाटत असते, तर त्या सीमेवर फौज वाढायला हवी होती. प्रत्यक्षात तिथल्या तुकड्या युक्रेनमध्ये झुंजत होत्या. जुलै २०२१ च्या लेखात पुतिन यांनी रशियन आणि युक्रेनी एकच लोक असल्याचे लिहिले आणि जून २०२२ मध्ये झार पीटर द ग्रेटचा दाखला देऊन भूमी ‘परत घेण्या’ची भाषा केली. युक्रेन हा वेगळा देश असूच शकतो, हे न मानणे हेच मला या निर्णयाच्या मुळाशी दिसते.

प्रश्न : अलेक्सांद्र दुगिन हा पुतिन यांचा मेंदू आहे असे म्हणतात. तुमचे मत?
— एक वाचक, पणजी

दुगिन हे कट्टर राष्ट्रवादी विचारवंत. त्यांचे लेखन रशियन लष्करी वर्तुळात वाचले गेले, पण युद्धाच्या योजना किंवा शस्त्रखरेदी यांवर त्यांचा ठसा दिसत नाही. पुतिन वाचतात तो इतिहास, विशेषतः साम्राज्याचा. ‘बहुध्रुवीय जग’ ही आज सतत ऐकू येणारी कल्पना मॉस्कोच्या धोरणात रुजवली माजी परराष्ट्रमंत्री आणि पंतप्रधान येवगेनी प्रिमाकोव्ह यांनी. अभ्यास करायचा तर त्यांचा करा.

प्रश्न : रशिया खरोखर अण्वस्त्र वापरेल का? बातम्या पाहून झोप उडते.
— एक गृहिणी, ठाणे

ताई, तुमची काळजी अनाठायी नाही, पण बोलणे आणि करणे यांतले अंतर पाहू. ‘प्रथम वापर नाही’ हे वचन सोव्हिएत संघाने १९८२ मध्ये दिले होते, रशियाने ते १९९३ मध्ये सोडले. सैन्य दुबळे झाल्यावर अण्वस्त्रांवरची भिस्त वाढली, हे त्याचे साधे कारण. नोव्हेंबर २०२४ मध्ये अण्वस्त्र वापराचा उंबरठा आणखी खाली आणला गेला. अण्वस्त्रधारी देशाच्या पाठबळावर दुसऱ्या देशाने केलेला हल्ला हा दोघांचा संयुक्त हल्ला मानू, असे आता लिहिलेले आहे.

प्रत्यक्षात काय झाले? ऑगस्ट २०२४ मध्ये युक्रेनी सैन्य थेट रशियाच्या कुर्स्क प्रांतात घुसले. दुसऱ्या महायुद्धानंतर असे प्रथमच घडत होते, तरी उत्तर पारंपरिक शस्त्रांनीच दिले गेले. २०२३ मध्ये सर्गेई कारागानोव्ह या ज्येष्ठ अभ्यासकाने युरोपवर मर्यादित अण्वस्त्र हल्ल्याचा विचार उघडपणे मांडला, तेव्हा रशियातल्याच इतर तज्ज्ञांनी त्यांना जाहीर विरोध केला. चीन आणि भारताची नाराजी मॉस्कोला परवडणारी नाही. मला जास्त भीती वाटते ती हळूहळू बोथट होणाऱ्या संकोचाची. दर धमकीनंतर काही घडले नाही की पुढची धमकी अधिक मोठी द्यावी लागते.

प्रश्न : मी ओझरच्या एचएएलमध्ये आयुष्य घालवले, मिग आणि सुखोई हाताखालून गेले. उद्या चीनशी झगडा झाला तर रशिया आपल्या बाजूने उभा राहील का?
— एक निवृत्त तंत्रज्ञ, नाशिक

काका, १९७१ च्या आठवणीमुळे आपल्या पिढ्यांना हा विश्वास वाटतो आणि तो खोटा नव्हता. पण त्याआधीचे १९६२ पाहा. क्यूबातल्या क्षेपणास्त्रांवरून अमेरिकेशी उद्भवलेल्या पेचात मॉस्कोला चीनची गरज होती, तेव्हा त्यांनी चीनकडे झुकते माप दिले आणि पेच सरल्यावर भूमिका बदलली. १९६९ मध्ये उसुरी नदीवर सोव्हिएत आणि चिनी सैन्यांत रक्त सांडले आणि त्यानंतर दोन वर्षांनी, ऑगस्ट १९७१ मध्ये, भारताशी मैत्री करार झाला. मॉस्को आणि बीजिंग यांचे बिनसलेले असते तेव्हा मॉस्को आपल्याला जवळ असते, असाच हा इतिहास आहे.

डिसेंबर १९९८ मध्ये दिल्लीत आलेल्या प्रिमाकोव्ह यांनी रशिया, भारत आणि चीन असा त्रिकोण सुचवला होता. त्यात रशिया मधला, दोघांना जोडणारा. आज तेल विकायला, यंत्रे आणि इलेक्ट्रॉनिक भाग आणायला रशियाला चीन लागतो. त्यामुळे झगडा झाला तर मी तटस्थतेची अपेक्षा धरीन, आणि तीही आपल्या बाजूने किंचित मऊ असली तर नशीब.

तुमच्या कामाशी जोडलेला खरा प्रश्न सुट्या भागांचा आहे. २०१८ च्या करारातल्या एस-४०० या हवाई संरक्षण क्षेपणास्त्रांच्या पाच तुकड्यांपैकी तीन आल्या आणि उरलेल्या दोन युक्रेन युद्धामुळे रखडल्या. शस्त्रव्यापारावर नजर ठेवणाऱ्या सिप्री या संशोधन संस्थेच्या आकडेवारीनुसार भारताच्या शस्त्रआयातीत रशियाचा वाटा २०१०–१४ मध्ये ७२ टक्के होता, तो २०२०–२४ मध्ये ३६ टक्क्यांवर आला. तरी हवाई दलाकडची अडीचशेहून अधिक सुखोई पुढची बरीच वर्षे उडवायची आहेत. त्यांच्या इंजिनांचे आणि रडारचे किती भाग देशात बनतात आणि किती अजून रशियाहून येतात, याचा हिशेब चीनशी तणाव वाढण्याआधी जुळायला हवा. तुमच्यासारख्या जुन्या तंत्रज्ञांना यासाठी पुन्हा बोलावून घ्यावे, असे माझे मत आहे.