ज्यू आणि ख्रिस्ती परंपरांत एकत्र जेवण्याला इतके आध्यात्मिक महत्त्व का आहे?

या दोन धर्मांतील सहभोजन हे निव्वळ आदरातिथ्य आहे की उपासनेचा भाग, असे आपण विचारले आहे. माझ्या मते तो उपासनेचाच भाग आहे. मी मराठी ख्रिस्ती घरात वाढलो आणि ठाण्यात आमच्या शेजारी एक बेने इस्राएल (कोकणातले मराठी बोलणारे ज्यू) कुटुंब राहत असे, त्यामुळे दोन्हीकडची पंगत मी जवळून पाहिली आहे.

इ. स. 70 मध्ये रोमन सैन्याने जेरुसलेमचे मंदिर पाडले आणि तिथली अर्पणे बंद पडली. पूर्वी जे प्रायश्चित्त वेदीने होत असे, ते आता माणसाच्या जेवणाच्या मेजाने होते, असे तल्मूद या ज्यू धर्मग्रंथात म्हटले आहे. शेजारचे काका शुक्रवारी संध्याकाळी काळ्या मनुकांच्या सरबताचा पेला हाती धरून (द्राक्षारसाऐवजी सरबत, ही बेने इस्राएलांची जुनी रीत) किद्दूश, म्हणजे शब्बाथच्या (साप्ताहिक पवित्र दिवसाच्या) आरंभीची प्रार्थना, म्हणत आणि मग पावाचा तुकडा मिठाला लावून प्रत्येकाला देत. मंदिरातील अर्पणांना मीठ लावले जाई, त्याची ही आठवण. वल्हांडणाच्या, म्हणजे मिसरच्या गुलामीतून झालेल्या सुटकेच्या सणाच्या रात्री हग्गादा (त्या रात्रीच्या विधीची पोथी) वाचताना तर आरंभीच, भुकेल्या माणसाने यावे आणि आमच्यासोबत जेवावे, असे आमंत्रण उच्चारले जाते. 1874 साली पुण्यात छापलेल्या हग्गादात साडी नेसलेल्या स्त्रिया बेखमीर भाकरी करताना दिसतात.

पहिल्या तीन शुभवर्तमानांनुसार येशूचे शेवटचे भोजन वल्हांडणाचेच होते (योहान मात्र वेगळा दिवस सांगतो), आणि प्रभुभोजन, म्हणजे त्या भोजनाच्या आठवणीत पाव व द्राक्षारस घेण्याचा ख्रिस्ती विधी, त्यातूनच आले. आरंभी ते खरोखरचे जेवण असे. ग्रीसमधल्या करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीत कोणी भुकेला राही आणि कोणी पिऊन तर्र होई. तेव्हा प्रेषित पौलाने, तुम्ही खाता ते प्रभुभोजन नव्हेच, असे खडसावले. अंत्युखिया शहरात येशूचा शिष्य पेत्र ज्यू नसलेल्या ख्रिस्ती बांधवांच्या पंगतीतून मागे सरला, तेव्हाही पौलाने त्याला तोंडावर विरोध केला. मराठी माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही, कारण पंक्तिभेद हा शब्द आपल्याकडे तयारच आहे.

आज आमच्या मंडळीत पावाचा लहानसा चौकोनी तुकडा आणि घोटभर द्राक्षरस मिळतो. भूक भागेल असे त्यात काही उरलेले नाही, याची मला खंत वाटते. पण निरनिराळ्या जातींतून आलेल्या पहिल्या पिढीबद्दल आमची आजी सांगत असे की, बाप्तिस्म्याचे पाणी सोपे होते, एकाच पेल्याला ओठ लावणे कठीण गेले.