तोट्यातला फ्लॅट: सरासरी काढायची की बाहेर पडायचं?

प्रश्न: चार वर्षांपूर्वी गुंतवणूक म्हणून फ्लॅट घेतला. २५ टक्के रक्कम माझी, बाकी २० वर्षांचं कर्ज, व्याज ९ टक्के. किंमत १८ टक्क्यांनी उतरली आहे आणि भाड्यातून हप्ता निघत नाही. त्याच इमारतीत दुसरा फ्लॅट आजच्या दरात मिळतोय. तो घेऊन दोन्हींची सरासरी खरेदी किंमत खाली आणावी, की पहिला तोट्यात विकावा?

उत्तर: दुसरा घेऊ नका. आणि पहिला विकण्याकडे माझा कल आहे.

आधी सरासरीचं बघू. पहिल्याची किंमत १०० धरली तर दुसरा ८२ ला पडतो, म्हणजे सरासरी ९१. पण नोंदणी, दलाली वगैरे मिळून ७ टक्के खर्च दोन्ही वेळा धरा. सरासरी ९७ च्या पुढे जाते. शेअर दहा-दहा करून घेता येतात, चुकलं तर लगेच विकता येतात. फ्लॅटचं तसं नाही. शिवाय इमारत तीच, म्हणजे भाडेकरूंची टंचाई असो वा विक्रीला लागलेल्या फ्लॅटची गर्दी, दोन्ही घरं एकाच वेळी अडकणार.

आता पहिला फ्लॅट. वर्षाचा हप्ता सुमारे ८.१ आणि शिल्लक कर्ज ६८.५. देखभाल, कर आणि रिकामे महिने वजा जाता भाडं २ उरतं असं धरू (तुमचा खरा आकडा इथे घाला, बहुतेक जण रिकामे महिने विसरतात). पुढच्या वर्षीचं व्याज साधारण ६.१. म्हणजे फ्लॅट नुसता धरून ठेवायला वर्षाला ४.१ खर्च. ८२ च्या किमतीवर हे ५ टक्के झाले. किंमत दरवर्षी एवढी वाढली तरी तुम्ही जागच्या जागीच.

‘१०० परत आले की विकीन’ हा विचार इथेच फसतो. समजा चार वर्षांनी खरंच १०० मिळाले. २ टक्के विक्रीखर्च आणि उरलेलं ५९ कर्ज वजा जाता हातात ३९. आज विकलात तर हातात १२ येतात. ते आणि दरवर्षी हप्त्यासाठी खिशातून जाणारे ६.१ (८.१ हप्ता वजा २ भाडं) करोत्तर ५ टक्क्यांनी गुंतवले, तर चार वर्षांनी ४१ होतात. भाव पूर्ण सावरूनही धरून ठेवणारा मागे. भाडं दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढलं तरी हा हिशेब उलटत नाही. उलटेल तो निव्वळ भाडं व्याजाच्या जवळपास आलं तर, किंवा भाववाढीचं ठोस कारण दिसत असेल तर. ‘कधीतरी वाढेलच’ हे कारण नव्हे.

विकताना ८२ हा आकडा जाहिरातींवरून काढला असेल तर तो सोडून द्या. गेल्या सहा महिन्यांत त्याच इमारतीत किंवा शेजारी प्रत्यक्ष नोंदवलेले व्यवहार पाहा. किंमत ७० च्या खाली गेली तर कर्ज फेडायला खिशातून भर घालावी लागेल, त्यामुळे ती तुमची लक्ष्मणरेषा. थांबण्याचा महिन्याचा खर्च ०.३४ आहे, म्हणून आज ८१ देणारा गिऱ्हाईक चार महिन्यांनी ८२ देणाऱ्यापेक्षा बरा. मुदतपूर्व परतफेडीचं शुल्क आणि मूळ कागदपत्रं परत मिळायला लागणारा वेळ बँकेकडून आधीच लेखी घ्या. खरेदीदार बहुतेक वेळा तिथेच बिचकतो. भांडवली तोटा इतर नफ्यातून वजा करता येतो का, ते करसल्लागाराला विक्रीआधी विचारा.

तोटा एवढा का बोचतो? किंमत १८ टक्केच पडली, पण तो घाव तुमच्या २५ वर बसला: भांडवलाचे ७२ टक्के. निम्मी रक्कम स्वतःची असती तर ३६ टक्के गेले असते. पुढच्या वेळी कर्ज ठरवताना आधी हा भागाकार करा. मग व्याज २ टक्क्यांनी वाढवून पाहा (७५ च्या कर्जाचा वार्षिक हप्ता ८.१ वरून ९.३ वर जातो) आणि भाड्यातून दोन महिने कापा. एवढं करून जी तूट दिसेल ती पगारातून भागत असेल आणि सहा महिन्यांचे हप्ते वेगळे बाजूला असतील, तरच दुसरं घर बघायला निघा, तेही वेगळ्या भागात.