'ऑन बोर्ड'मधलं जहाज कुठाय?

प्रश्न असा होता की इंग्रजी क्रिप्टिक क्रॉसवर्डमधल्या, म्हणजे शब्दांशी खेळून उत्तर लपवणाऱ्या शब्दकोड्यातल्या, 'सेलिब्रिटीज पुट सेलर ऑन बोर्ड (५)' या क्लूचं (कंसातला आकडा म्हणजे उत्तरातली अक्षरं) उत्तर 'स्टार्स' कसं काय, आणि असले खेळ मराठीत होतात का.

सेलिब्रिटीज म्हणजे स्टार्स हे तर सरळच आहे, घोडं अडतं ते पुढे. सेलर म्हणजे इथे टार, म्हणजे टी-ए-आर, ब्रिटिश खलाशांचं जुनं टोपणनाव. आणि जहाज? ते क्लूत लिहिलेलंच नाहीये! बोटीच्या नावाआधी एसएस लिहायचे ना, स्टीमशिपचं, तेच ते. 'ऑन बोर्ड' दिसलं की दोन एसच्या पोटात काहीतरी कोंबायचं, एस-टार-एस, झालं काम.

सेलरसाठी टारच येईल असं नाही बरं का, एबी म्हणजे एबल सीमन, सॉल्ट, जॅक, रेटिंग, हँड, घरं किती उरलीत त्यावर ठरवायचं. ब्रिटिशांना समुद्राचं वेड वगैरे ठीक आहे पण मला विचाराल तर हे शब्द एवढे दिसतात कारण आखूड आहेत, कुठेही बसतात. 'पोर्ट' तर डांबरटच. बंदर, वाइन आणि जहाजाची डावी बाजू, म्हणजे बऱ्याचदा 'लेफ्ट'चा नुसता एल. डाव्या बाजूला आधी 'लारबोर्ड' म्हणायचे, पण वाऱ्यात ओरडून हुकूम दिला की ते 'स्टारबोर्ड'सारखंच ऐकू यायचं, म्हणून १८४४ मध्ये रॉयल नेव्हीने 'पोर्ट' ठरवून टाकलं. आणि 'ॲट सी' दिसलं की समुद्र विसरा, शेजारच्या शब्दाची अक्षरं ढवळा. 'डक लेट ॲट सी (४)', तर एल-ए-टी-ई ढवळून टी-ई-ए-एल, टील, बदकाची एक जात.

मराठीत हे ढवळणं जरा कठीणच जातं कारण एका घरात काना-मात्रेसकट अख्खं अक्षर बसतं, त्याचे तुकडे करून हलवता येत नाहीत. पण दोन अर्थांचे क्लू झकास होतात, 'बारशाला ठेवतात, पाण्यात सोडतात (२)', उत्तर नाव. आणि एसएससारखं पोटात कोंबणंही जमतं की, हा माझा घ्या: 'जर होडी गिळेल, पशू होईल (४)'. 'जर' फोडायचा, मधे नाव घालायची, ज-ना-व-र.