थकल्या जिवाने ७३ वे स्तोत्र कसे वाचावे

चि. लेकरास,

ख्रिस्तात सप्रेम सलाम.

तुझे पत्र मिळाले. दिवसभर नोकरी, रात्री आजारी वडिलांच्या उशाशी जागरण, रविवारी न चुकता उपासना, आणि एवढे सगळे करूनही प्रार्थनेला बसल्यावर मन कोरडेच राहते, असे तू लिहिले आहेस. देव जवळ असल्याचे जाणवत नाही म्हणजे आपल्या विश्वासातच काही खोट असावी, हा तू काढलेला निष्कर्ष मात्र मला मुळीच मान्य नाही.

बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतील ७३ वे स्तोत्र उघड. ते आसाफाचे आहे, म्हणजे कराराच्या कोशापुढे (देवाच्या आज्ञांच्या पाट्या ठेवलेल्या पवित्र पेटीपुढे) स्तुती गाण्यासाठी दावीद राजाने ज्या लेव्यांना, म्हणजे उपासनेची सेवा करणाऱ्या वंशातील लोकांना, नेमले त्यांच्या प्रमुखाचे. उपासना हेच ज्याचे काम, तो मनुष्य इथे उघडपणे सांगतो की माझे पाय घसरण्याच्या बेतात होते. दुर्जनांची भरभराट पाहून मला त्यांचा हेवा वाटला. मी आपले मन शुद्ध राखले ते व्यर्थच, असेही मला वाटू लागले. पवित्र शास्त्राने हे शब्द गाळले नाहीत, उलट मंडळीने ते गावेत म्हणून जपून ठेवले आहेत. तेव्हा तुझ्या मनातली तक्रार प्रार्थनेआधी झाकून ठेवू नकोस, तिच्यासकट देवापुढे बस.

या स्तोत्रात मला सर्वांत मोलाचे वाटते ते २३ वे वचन. आदल्याच वचनात आसाफ स्वतःला पशूसारखा अज्ञानी म्हणतो, आणि लगेच पुढे म्हणतो की तरीही मी नेहमी तुझ्याजवळ आहे, तू माझा उजवा हात धरला आहेस. इथे धरणारा देव आहे. आसाफाची पकड कधीच सैल झाली होती, म्हणून तर त्याचे पाय घसरू लागले होते; पण जवळीक टिकली ती देवाच्या पकडीमुळे. तुला आज काही जाणवते की नाही, यावर ती पकड अवलंबून नाही. शेवटी तो म्हणतो की देवाजवळ जाणे यातच माझे कल्याण आहे, आणि हे म्हणताना त्याची परिस्थिती पालटली होती, असे स्तोत्रात कुठेही लिहिलेले नाही.

आता तुझ्या थकव्याविषयी. १ राजे या पुस्तकाच्या १९ व्या अध्यायातला संदेष्टा एलीया रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागतो, तेव्हा देव त्याला उपदेश करत नाही. एलीया झोपी जातो. देवदूत त्याला स्पर्श करून उठवतो, उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई असते. तो खातो, पितो आणि पुन्हा झोपतो. दूत दुसऱ्यांदा येऊन पुन्हा खाऊच घालतो, कारण पुढची वाट त्याला झेपण्यासारखी नव्हती. होरेब डोंगरावर त्याने ऐकलेली देवाची मंद वाणी यानंतरची आहे. म्हणून जागरणाने डोळे मिटत असतील, तर एक वचन म्हणून झोपी जा. त्यात अपराध नाही. आणि आठवड्यातल्या एक-दोन रात्री भावंडांपैकी किंवा मंडळीतील कोणीतरी वडिलांजवळ बसावे, अशी विनंती करायला संकोचू नकोस. अमालेक्यांशी लढाई चालू असताना वर धरलेले मोशेचे हात जड झाले, तेव्हा अहरोन आणि हूर यांनी त्याला धोंड्यावर बसवून ते सूर्य मावळेपर्यंत सावरून धरले होते.

कष्टी व भाराक्रांत जनांना प्रभू येशू विसावा देऊ करतो, ते मत्तयाच्या ११ व्या अध्यायातले वचन तुला पाठ आहे. त्याच्या पुढचे वचनही त्याला जोडून वाच: माझे जू आपल्यावर घ्या. विसाव्याचे आमंत्रण आणि जू एकाच दमात येतात. वडिलांची सेवा संपली की मग विसावा मिळेल, अशी वाट पाहत बसशील तर थकशील. ती सेवा चालू असतानाच तो तुझ्याबरोबर आहे.

पंडिता रमाबाईंचे चरित्रही या दृष्टीने वाचावे, असे मला मनापासून वाटते. दुष्काळात त्यांचे आईवडील गेले, लग्नानंतर थोड्याच काळात पती गेले, आणि १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. केडगावच्या मुक्ती मिशन या त्यांच्या आश्रमात त्या वेळी त्यांनी मूळ हिब्रू व ग्रीकवरून हाती घेतलेले बायबलचे मराठी भाषांतर चालू होते, आणि तिथल्याच छापखान्यात आश्रमातल्या स्त्रिया त्याचे खिळे जुळवत होत्या. मुलीच्या मृत्यूनंतरही रमाबाईंनी ते काम सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले. संपूर्ण बायबल छापून आले ते १९२४ मध्ये. त्यांचे दुःख हलके झाले होते असे मी म्हणणार नाही, आईचे दुःख तसे हलके होत नाही. पण त्या दुःखातही वचन त्यांच्या हातात होते.

तूर्त इतकेच कर. हा महिनाभर नवे काही वाचायला घेऊ नकोस. रोज ७३ व्या स्तोत्रातील चार-पाच वचने सावकाश, ओठ हलवून वाच, आणि जिथे मन अडेल तिथेच थांबून ते वचन आपल्या शब्दांत देवाला सांग. वडिलांना ऐकवत असशील तर २३ व्या वचनापासून सुरुवात कर. कुठे अडलेस ते मला लिही, म्हणजे त्यावर पुढच्या पत्रात बोलू. वडिलांना माझा सलाम सांग.

तुझ्यासाठी प्रार्थना करणारा,
तुझा वडीलधारा स्नेही